शीर शोधणारं बोट

लॅबचं शटर रोज सकाळी मीच उघडते. गुलमंडीच्या मागच्या बोळात आमची रक्त तपासायची लॅब आहे आणि तिचं शटर म्हणजे हट्टी म्हैस. मनात आलं तर उठणार, नाहीतर बसून राहणार. त्या सकाळी ते अर्ध्यावर अडकलं. मी वैतागून डाव्या हाताची बोटं पट्ट्यांच्या खाचेत घातली, जोर लावला, आणि ते वर जायचं सोडून दाणकन खाली आलं. खाच मिटली. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक आत राहिलं.

टाके पडले. नख गेलं, टोकाचं थोडं मांस गेलं, आतल्या हाडाला चीर गेली. मग सुरू झाली भेटायला येणाऱ्यांची रीघ. "डावाच हात ना? सुटलीस बाई." "टोकच गेलं, बोट तर वाचलं." माझे मिस्टर चितेगावच्या एका कंपनीत मशीनवर आहेत. तेही म्हणाले, "असल्या मारानं कुणी एवढं घाबरतं का?" मला असा राग आला! म्हटलं, "तुमचं मशीन तुम्ही बोटानं बघता का?"

त्यांना कळलं नाही. कुणालाच कळत नव्हतं. रक्त काढताना सुई उजव्या हातात असते, ती सगळ्यांना दिसते. पण शीर शोधतो तो डावा हात. दंडाला पट्टा बांधायचा आणि या बोटाच्या टोकानं कोपराच्या खोबणीत हळूच दाबायचं. कातडीखाली काहीतरी दबतं आणि परत उसळतं, ती शीर. दिसणारी शीर कुणालाही सापडेल. जाड माणसांची, म्हाताऱ्यांची, तापानं सुकलेल्यांची दिसत नाही, ती बोटालाच कळते. माझ्या बोटाला कळायची. बोळातले एक चाचा तर दारातूनच विचारायचे, "वो हलके हाथवाली बाई है क्या?" मी नसले तर तसेच परत जायचे.

पट्टी निघाली आणि मी बोट बघितलं. गुळगुळीत, गुलाबी, कुणा दुसऱ्याचंच. पंख्याचं वारं लागलं तरी कळ थेट खांद्यात जायची. ओढणीचा काठ घासला की मी किंचाळायचे. आणि एवढी आग असून बटणाला टेकवलं तर बटण कळायचं नाही. दुखणं सगळं होतं, कळणं काहीच नव्हतं.

फिजिओच्या मॅडम म्हणाल्या, "नस हळूहळू वाढते. जाणीव येईल. पूर्ण येईल का, ते आत्ता सांगता येणार नाही." नुसतं 'येईल' म्हणाल्या असत्या तर त्यांचं काय गेलं असतं? त्या एका वाक्यानं माझी झोप उडाली.

घरी परातीत ज्वारी घेऊन बसायचे. आधी बोटावर कापूस फिरवायचा, मग टॉवेल, मग ज्वारीत बोट खुपसायचं. पुढं पुढं मिस्टर ज्वारीत काहीबाही लपवायचे, सेफ्टी पिन, हरभरा, शर्टाचं बटण. मी डोळे मिटून नुसत्या त्या टोकानं ओळखायचं.

"हरभरा."

"अगं, बटण आहे."

एकदा ते हसले, तर मी परातच ढकलून दिली. घरभर ज्वारी झाली. वेचायला मीच बसले आणि मला रडू फुटलं, कारण बाकीच्या बोटांना दाणा न् दाणा कळत होता. मिस्टरांनी बिचाऱ्यांनी मग आपला हात पुढं केला, "माझी शीर शोध." त्यांच्या शिरा दोरखंडासारख्या, दारातूनच दिसतात. त्यांचा काय उपयोग! मधल्या बोटाला शिकवून बघितलं. ते म्हणजे पक्का ठोंब्या, नुसतं दाबत सुटायचं.

लॅबमध्ये सरांनी मला काउंटरवर बसवलं. नाव विचारा, वय विचारा, उपाशीपोटी आलात का विचारा. रक्त काढायला दुसऱ्या बाई होत्या. एकदा सर सहज म्हणाले, "काउंटर छान जमतंय की तुम्हाला," आणि मी मनात म्हटलं, झालं. आता आपण इथंच. जन्मभर लोकांना चहा घेतला का विचारत बसायचं.

अशात अप्पा आले, माझे वडील. दौलताबादला आमची सीताफळाची बाग आहे, ती तेच बघतात. दोराला धरून विहिरीत उतरणारा माणूस, पण सुई दिसली की पांढराफटक. शुगर तपासायला ते फक्त माझ्याकडं यायचे आणि सुई टेकायच्या आधीच "मेलो गं माय!" असं ओरडायचे की बोळातली माणसं आत डोकवायची. माझं बोट चेंगरल्यापासून त्यांनी तपासणीच केली नव्हती. त्या दिवशी लंगडत आले. पायात काटा मोडून जखम झालेली, ती भरून येत नव्हती.

"इतके दिवस दुसऱ्या कुणाकडून रक्त का नाय काढून घेतलं?" मी कडाडले.

"तुझं बोट बरं व्हायची वाट बघत व्हतो."

"आणि नाहीच झालं तर?"

ते तसेच लंगडत आत जाऊन खुर्चीवर बसले. दुसऱ्या बाई पुढं आल्या तर हात मागं घेतला. "माझी लेक काढंल."

मी पट्टा बांधला. अप्पांच्या शिरा बारीक, खोल आणि निसटणाऱ्या. बोट टेकवलं. काहीच नाही. जरा दाबलं. काहीतरी वाटलं, का वाटावं म्हणून वाटलं, देव जाणे. सुई घातली, ओढलं. सिरिंज कोरडीच.

वर बघितलं. अप्पांनी डोळे गच्च मिटले होते आणि तोंडही. ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी सुई काढली, कापूस दाबला. "अप्पा, माझ्याच्यानं नाही होत. बाईंना बोलावते."

त्यांनी डोळे उघडले, दुसरी बाही वर सरकवली आणि तो हात पुढं केला.

"ह्यो घे. आगं, हितं भ्यायचं काम माझं हाय. तू तुझं काम कर."

नव्या सुईचं पाकीट फोडलं. पट्टा बांधला. या खेपेला मी डोळे मिटले, परातीपुढं मिटायचे तसे. बोट टेकवून थांबले. बराच वेळ काही नाही. मग आत, लांब, गोधडीखाली कुणी कूस बदलावी तसं काहीतरी दबलं आणि वर आलं. परत दाबलं. परत आलं. डोळे उघडले तर बोटाखालच्या कातडीवर काहीसुद्धा दिसत नव्हतं. तिथंच सुई घातली.

सिरिंजमध्ये रक्त आलं. अप्पा अजून गप्प, कपाळावर घाम. मी पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबून धरला.

"आलं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आलं."

"पुरेल ना? आता टोचायचं नाय ना?"

"नाय अप्पा. झालं."

मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि बोळातली माणसं डोकवतील असे ओरडले, "मेलो गं माय!"