भावाच्या गावात खोली

सख्खा भाऊ ज्या गावात राहतो त्या गावी जाऊन हॉटेलात उतरणे, याचा आमच्या वऱ्हाडात एकच अर्थ होतो. भावाभावांत वाटणीवरून बिनसले. दुसरा अर्थ कुणाच्या मनात येतच नाही. मला तो दुसरा अर्थ करून दाखवायचा होता, आणि पंचाहत्तरी उलटल्यावर लोक काय म्हणतील याची काळजी वाहण्याइतके आयुष्य माझ्यापाशी शिल्लक नाही. म्हणून गेल्या आश्विनात बालाजीच्या उत्सवासाठी मी वाशीमला गेलो, तेव्हा धाकट्या भावाचे घर देवळाच्या मागच्याच गल्लीत असूनही भर बाजारातल्या एका हॉटेलात खोली घेतली. त्याचे समर्थन मी त्या वेळी केले, आजही करतो.

धाकटा वाईट नाही. उलट त्याच्याइतके मोकळे दार साऱ्या वाशीमात नसेल. उत्सवात त्याच्याकडे कामरगावचे, धनजचे, जऊळक्याचे नातलग उतरतात, नातलगांचे नातलग उतरतात, आणि जो येईल त्याला तो हाताला धरून पाटावर बसवतो. उपवासाचे वेगळे रांधले जाते, बिनउपवासाचे वेगळे. आरती झाली की पुरुष मंडळी कपाळाला अंगारा लावून, कापराचा वास अंगावर घेऊन परततात, तेव्हा पाने मांडलेली असतात आणि तव्यावरची पोळी थेट ताटात पडते. हे सारे ज्या हातांनी होते त्यांतले दोन हात माझ्या पत्नीचे. थोरली जाऊ म्हणून चुलीवर पहिला मान तिचा.

मी देवळातून तिच्यासाठी अंगारा आणत असे. तिचे हात पिठात असत, म्हणून ती कपाळ पुढे करी, आणि मी बोट टेकवी. लग्न झाल्यापासून हा क्रम चालत आला.

गेल्या वर्षी, त्या उत्सवाच्या आधी, पोळ्याच्या सुमारास शेजारची एक नवी सून आमच्या ओसरीवर येऊन बसली होती. तिला उत्सवाला जायचे होते. तिने सहज विचारले, "काकू, बालाजीची संध्याकाळची आरती कशी असते वं?"

"ह्यायले इचार माय," पत्नी माझ्याकडे बोट करून म्हणाली, "मी आइकली हाय. पाह्यली नाई."

ती हे रागाने बोलली नाही. शेंगा सोलत होती, सोलत राहिली. मी पोथी वाचत होतो, ती मिटली. पश्चात्ताप करीत बसणे हा मला आळसाचाच एक प्रकार वाटतो. जे अजून करता येण्यासारखे आहे ते करावे. तिचे गुडघे अजून सपाट रस्त्यावर, हळूहळू का होईना, चालतात. आणखी दोन वर्षांनी चालतीलच असे डॉक्टर म्हणत नाहीत. म्हणजे जे करायचे ते याच आश्विनात. आणि धाकट्याच्या घरी उतरून ते होणार नव्हते, हे मला सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट दिसत होते. त्या घरात ती पाऊल ठेवी आणि पदर खोची. तिला कुणी सांगावे लागत नसे.

पुण्याच्या मुलाने फोनवरच एक हॉटेल शोधून दिले. गावाबाहेर, रस्त्यालगत, हिरवळ, लिफ्ट, थंड हवेची यंत्रे. "बाबा, लोकांनी किती चांगलं लिहिलंय बघा." मी म्हणालो, "लोक त्या गावात झोपायला गेले असतील. आम्ही देवाला चाललो आहोत. रिक्षा मिळेल का, रस्ता मोकळा असेल का, असे विचारत देवाला जायचे नाही. तिला तिच्या पायांनी जायचे आहे." ज्या नगरीत वाकाटकांनी राज्य केले, जिच्या तीर्थांची नावे मी पाठशाळेत पाठ केली, तिथे जाऊन नगरीबाहेर राहायचे, हे मला परिसाला पिशवीत बांधून ठेवण्यासारखे वाटले.

खोली स्वतः पाहूनच घ्यावी म्हणून मी एक दिवस एकटाच निघालो. कारंजा, मंगरूळ करीत एसटीने वाशीमला पोहोचलो आणि प्रथम बसस्थानकासमोरच्या लॉजमध्ये शिरलो. काउंटरवरच्या माणसाने मोबाइलवरून डोळे न उचलता विचारले, "किती घंट्यासाठी पाह्यजे?"

मी म्हणालो, "पाच दिवसांसाठी. पत्नी बरोबर असेल."

मग त्याने वर पाहिले. माझे धोतर, माझी शेंडी, माझे गंध पाहून तो उभाच राहिला. "बाबाजी, हे जागा तुमच्यासारख्यायची नोये," तो खाली मान घालून म्हणाला. त्याच्या प्रामाणिकपणाला मी मनातल्या मनात आशीर्वाद दिला आणि पुढे निघालो.

शेवटी जे हॉटेल मी निवडले त्याच्या खाली फरसाणाचे दुकान होते. दिवसभर तेलाचा वास येई. खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला, जरा अंधारी. परंतु तिच्या दारापासून देवळापर्यंतचा रस्ता मी काठी टेकत तिच्या चालीने चालून पाहिला. वाटेत एक चढ नाही आणि थकल्यावर बसायला एका कापड दुकानाचा ओटा आहे. न्हाणीघरात कमोड होता. खिडकी उघडली आणि थोड्या वेळाने देवळातली घंटा ऐकू आली. मी मालकाला म्हणालो, "हीच."

तो आधारकार्ड पाहत होता. आडनाव वाचून थबकला. "तुमी तं देवळामागच्या काकायचे मोठे भाऊ. मंग इथं काहून? घरी भांडन झालं काय?"

"नाही," मी म्हणालो, "भांडण आता होईल."

उत्सवाच्या पहिल्या दिवशी दुपारी आम्ही दोघे येऊन उतरलो. खाण्याचा प्रश्न मी आधीच सोडवला होता. पाठशाळेत आम्ही विद्यार्थी पाळीपाळीने स्वयंपाक करीत असू. ती विद्या जागी करून मी स्वतः दुधात कणीक भिजवून दशम्या भाजून आणल्या होत्या. जाड झाल्या होत्या, एका अंगाने करपल्या होत्या. पत्नीने एक तुकडा मोडला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "पाठशाळेत कोनाचे दात पडले नाई काय?" परंतु तिने ती दशमी खाल्ली, आणि दुसऱ्याने रांधलेले बसून खाताना ती जरा अवघडली होती हे मी पाहिले.

बातमी आमच्या आधीच गल्लीत पोहोचली असावी. धाकटा आला तो चपला न काढता. मालकाच्या काउंटरसमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्याने मला विचारले, "दादा, माह्या घराले कुलूप लागलं काय?"

"नाही."

"मंग माह्या बायकोनं वैनीले काई बोललं?"

"नाही. ती कुणाला काही बोलणारी नाही."

"मंग माह्यं काय चुकलं, सांगा! साऱ्या बाजारात लोकं इचारून राह्यले, भाऊ वेगळे झाले काय म्हनून. मी तोंड कुठं लपवू?"

मी त्याला सांगितले की तीर्थाच्या ठिकाणी परान्न टाळावे असा संकेत आहे, कारण जो जेवू घालतो त्याच्याकडे यात्रेच्या पुण्याचा वाटा जातो, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा.

"शास्त्र सांगू नोका मले!" तो उसळला. "इतकी वर्सं जेवले तवा पुन्याचा हिशोब नाई केला. पुस्तकी बोलून माह्या डोळ्यात धूळ टाकू नोका. तिकडे पाहुने वैनीले इचारून राह्यले."

मग मीही शास्त्र बाजूला ठेवले. "ते वहिनीला विचारीत नाहीत," मी म्हणालो, "तिच्या हातच्या पुरणाला विचारतात. इतक्या वर्षांत तुझ्या वहिनीने बालाजीची आरती डोळ्यांनी पाहिलेली नाही. तुझ्या घरात उतरली तर या वर्षीही पाहणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. म्हणून खोली घेतली. यात तुझा अपमान नाही. आणि तुला तो वाटतच असेल, तर वाटू दे."

धाकट्याचा चेहरा क्षणभर उतरला. वाटले, समजले. परंतु मालक ऐकत होता, दोन गिऱ्हाइके ऐकत होती, आणि माणूस एकांतात जे मान्य करतो ते चारचौघांत करीत नाही. "आरती काय पळून चालली?" तो म्हणाला. "पुढच्या साली पाह्यतीन. आज वैनी नाई आल्या तं आपलं येनंजानं बंद समजा." आणि निघून गेला.

मी खोलीत आलो. पत्नी पलंगाच्या कडेवर बसून लुगड्याची घडी पिशवीत घालत होती. मधली भिंत पातळ; तिने सारे ऐकले होते.

"चाला," ती म्हणाली. "एका आरतीपायी भाऊ तोडता काय?"

"मी तोडलेला नाही. त्याने अट घातली आहे."

"अट तुमी बी घातली. मले इचारलं होतं काय, हाटेलात जाऊ म्हनून?"

हे खरे होते. मी तिला विचारले नव्हते, आणले होते. म्हणून मी म्हणालो, "मग आता विचारतो. तुला तिकडे जायचे असेल तर मी स्वतः पिशवी उचलतो आणि एक शब्द बोलत नाही. आरतीला जायचे असेल तर त्याच्याशी जे व्हायचे ते माझे होईल. परंतु त्याला बरे वाटावे म्हणून जाऊ नकोस. तुला काय हवे ते सांग."

तिच्या हातातली घडी ना पिशवीत गेली ना बाहेर आली.

इतक्यात दारावर थाप पडली. धाकट्याची बायको होती. मनगटापर्यंत कणीक, पदर खोचलेला, धापा टाकत. "जाऊबाई, चाला वं," ती दारातूनच म्हणाली. "हे घरात येऊन भांडे आदळून राह्यले. दोन जीपा भरून पाहुने आले. एकटीच्यानं होत नाई माह्यानं."

ती लबाडी करीत नव्हती. खरोखरच तिच्याने होत नव्हते. आणि माझ्या पत्नीला मी ओळखतो. ज्याला गरज आहे त्याला ती नाही म्हणत नाही. ती उठली. पिशवी उचलली. मी ठरवल्याप्रमाणे एक शब्द बोललो नाही, जरी न बोलणे मला फार जड गेले.

दारापाशी ती थांबली. जावेच्या हातांकडे पाहत म्हणाली, "तू तरी पाह्यली का वं आरती?"

"कवा पाहू? तुमच्या संगंच तं रायते चुलीपाशी."

"उत्सवात नाई. बाकीच्या दिवसात? घर तं तुह्यं देवळाच्या मागंच हाय."

"म्हनून तं," जाऊ हसली. "मांगच्यायले देवाची पाठ दिसते."

माझी पत्नी हसली नाही. तिने पिशवी पुन्हा पलंगावर ठेवली. "हात धू," ती म्हणाली.

"काहून?"

"पिठाचे हात घेऊन देवापुढं जाशीन काय? कनिक झाकली ना?"

"झाकली. पन जाऊबाई, पोया..."

"झाकली तं मंग झालं. कनिक काई उठून जात नाई. पाहुने देवाले आले ना? त्यायले बी देवळातच जाऊ दे. आल्यावर लाटू, आपन दोघी. पन आल्यावर."

"हे मारतीन मले!"

"भाऊजी मारतीन? त्यायले म्हन, पयले थोरल्या वैनीले मारा." आणि माझ्याकडे वळून, "तुमी उभे काय राह्यले? काठी द्या माही."

मी काठी दिली. न्हाणीघरात जाऊ हात धूत होती, आणि पाण्याच्या आवाजातून तिचे हसू ऐकू येत होते. भीतीचे की आनंदाचे, ते मला कळले नाही.

त्या संध्याकाळी त्या दोघी बायकांच्या रांगेत होत्या, मी पुरुषांच्या. गर्दीत मला त्या दिसल्या नाहीत. आरती संपल्यावर बाहेरच्या दिव्याखाली भेटल्या तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "निरांजन लय मोठं हाय हो. एका हातानं कसं पेलते तो पुजारी?" तिने एवढेच विचारले, आणि इतक्या वर्षांत ते वजन माझ्या कधी मनात आले नव्हते.

पाहुण्यांना त्या रात्री उशिरा जेवायला मिळाले. त्यांतले काही कुरकुरले. दोघींनी ठरल्याप्रमाणे पोळ्या लाटल्या, आणि मग पत्नी माझ्यासोबत हॉटेलात परतली. धाकटा माझ्याशी उरलेला उत्सवभर बोलला नाही. परंतु दुसऱ्या दिवशीही आरतीच्या वेळी दारावर थाप पडली, तिसऱ्या दिवशीही, आणि त्याने बायकोला अडवल्याचे मी ऐकले नाही. पुढे संक्रांतीला त्याचा फोन आला. ख्यालीखुशाली झाली. हॉटेलाचा विषय त्याने काढला नाही. मीही क्षमा मागितली नाही. मागण्यासारखे काही असते तर ज्येष्ठपणा आड येऊ दिला नसता.

या वर्षीचा उत्सव आता जवळ आला आहे. मी हॉटेलच्या मालकाला फोन करून तीच खोली मागितली, आणि सांगितले की तिच्यात एक खाट जादा लावा. धाकट्याची बायको दुपारची कामे आटोपून तिथे येऊन पडेल, पाठ टेकेल, आणि आरतीला तिथूनच जाईल.

"महाराज," मालक म्हणाला, "त्यायचं घर तं हे इथंच हाय. आपल्याच गावात लॉजवर? लोकं काय म्हनतीन?"

"जे म्हणायचे ते म्हणतील," मी म्हणालो. "खाट खिडकीजवळ लावा."