ढगाळ रात्रीनंतरचा बर्फ

आप्पांच्या डाव्या पायावरून बर्फ गेला, तेव्हा मी आठवीत होते. आप्पा म्हणजे माझे वडील. हिमालयात रस्त्यांच्या कामावर ते डोझर चालवायचे. हिवाळाभर बर्फाखाली गेलेला रस्ता ऊन तापायला लागलं की उघडायचा, हे त्यांच्या टोळीचं काम. त्या सकाळी वरचा उतार सुटला, सगळा बर्फ खाली आला. डोझर कलंडला. दोन सोबती सापडलेच नाहीत. आप्पा गावी आले ते कुबडी घेऊन, आणि नोकरी गेली.

मग आई तालुक्याच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायला जाऊ लागली. साताऱ्याकडचं आमचं घर, दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. मी मदतीला गेले की आई हाकलायची. "तू पुस्तकाला बस. भाकऱ्या मी बघते." तिने त्या बघितल्या म्हणून मी पुण्यात इंजिनियर झाले. हे मी कुठेही, कोणापुढेही सांगते.

अपघाताबद्दल आप्पा फार बोलत नसत. एवढंच म्हणत, की रात्रभर आभाळ भरलेलं होतं, बर्फ आवळलाच नाही. पहाटे बूट रुतत होता. तरी हुकूम आला म्हणून गेलो.

२०१५च्या आसपास मी सिंगापूरला, वन-नॉर्थ भागातल्या एका ऑफिसात होते. आमच्या छोट्या टीमकडे काम आलं ते हिमालयातल्या एका रस्त्यासाठी हिमस्खलनाचा इशारा देण्याचं. उपकरणं तिकडे डोंगरावर, आकडे इकडे आमच्याकडे. रोज संध्याकाळी प्रोग्रॅमने उद्यासाठी हिरवा किंवा लाल रंग सांगायचा. हिरवा आला की तिकडची माणसं उताराखाली कामाला जाणार. टीममधल्या कोणीही बर्फ पाहिलेला नव्हता, फ्रीजरमधला सोडला तर. नियम आम्ही वाचून वाचून बसवले होते.

एप्रिलमध्ये एका दुपारी जेवायला निघालो, तर आभाळ दाटलेलं. आमचा सिंगापुरी सहकारी खुशीत म्हणाला, "ढग आलेत. आज हॉकर सेंटरला चालतच जाऊ." सगळे त्या खाण्याच्या ठेल्यांकडे निघाले. इथे ढग म्हणजे सुटका, उन्हाचा चटका कमी. अर्ध्या वाटेत माझ्या डोक्यात आलं, की आमच्या प्रोग्रॅमलाही आम्ही हेच शिकवलंय. ढग दिसले की उष्णता कमी धर, धोका कमी धर. मग दिवस असो की रात्र.

मी न जेवताच परत फिरले. डोंगरावर दोन रात्री ढग होते. बर्फाचं तापमान गोठणबिंदूच्या खाली उतरलंच नव्हतं. त्या रात्रीही ढगच राहणार होते, आणि उद्यासाठी पडद्यावर हिरवा येत होता.

आमचे मॅनेजर मुंबईचे, मराठीच. त्यांना म्हटलं, "साहेब, उद्याचा हिरवा मागे घ्यायला हवा."

"मॅडम, मागच्या आठवड्यात दोनदा लाल दिला आणि वरून ढेकूळसुद्धा पडलं नाही. आता म्हणतील, ह्यांना एसीची थंडी वाजते."

"म्हणू देत."

"एवढी खात्री?"

मी दोन रात्रींचा आलेख त्यांच्यापुढे ठेवला. उघडं आभाळ असलं की बर्फातली ऊब वर निघून जाते आणि तो कडक होतो. ढग पांघरुणासारखे ती ऊब अडवतात, हे सांगितलं. आणि मग आप्पांचंही सांगितलं. ऑफिसात पहिल्यांदाच.

"वडील डोझर चालवायचे? कधी बोलला नाहीत."

"कधी विचारलं नाहीत."

ते हसले आणि त्यांनी फोन उचलला. पलीकडचे अधिकारी चिडले होते, आवाज माझ्यापर्यंत येत होता. साहेब शांतपणे म्हणाले, "सर, गलती हमारी है. कल आदमी मत भेजिए." चूक सगळ्या टीमची होती, बोलणी त्यांनी एकट्याने खाल्ली. त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतार सुटला. डोझर जिथे उभा राहणार होता तिथला रस्ताच दिसत नव्हता, असा फोटो आला. माणसं छावणीत होती.

मी आप्पांना फोन लावला.

"आप्पा, उतार सुटला."

"माणसं?"

"छावणीत आहेत. आम्ही काल थांबवलं होतं."

आप्पा म्हणाले, "जेवली का सगळी?"

"जेवली असतील की."

"असतील काय? इचार त्यांना. फोन हाय न्हवं तुझ्याकडं?"

मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतीया?"

"माणसं थांबवली म्हणती तिनं."

"मग? शिकवली कशाला एवढी?"

आम्ही नियम बदलला. रात्रीचे ढग आता धोका वाढवतात, कमी करत नाहीत. पुढे आभाळ मोकळं झालं, रात्री बर्फ आवळू लागला, तेव्हा कुठे टोळी पुन्हा कामावर गेली. मे महिन्यात रस्ता उघडला. कामावर गेलेली सगळी माणसं आपापल्या घरी परतली.