वालाचे गणंग

बाळांनो,

परवा फोनच्या पडद्यावर तुम्ही गच्चीवरचे वाळत घातलेले वाल पाहिलेत आणि विचारलंत, आजी, पूर्वी सगळे दाणे एकाच रंगाचे असायचे ना, आता त्यात ठिपक्यांचे कुठून आले? तेव्हा कुकरची शिट्टी झाली आणि उत्तर राहून गेलं. आज दाणे राखेत घोळवून डब्यात भरायचे आहेत. झाकण लावण्याआधी सांगून टाकते.

मी लग्न होऊन गंगापूर रोडच्या घरात आले तेव्हा परसात वालाचे वेल होते. त्यांचे दाणे पांढरे, तांबडे, काळपट, ठिपक्यांचे, सगळे एकाच डब्यात. सासूबाई ते कधी निवडत नसत. घरातली मुलगी सासरी निघाली की तिच्या ओटीत त्यातली एक मूठ घालायची, एवढाच त्यांचा नियम. तुमच्या आत्याआजीची, म्हणजे माझ्या नणंदेची, मूठ अशीच इगतपुरीला गेली.

त्यानंतरच्या एका श्रावणात सासूबाईंची थोरली बहीण त्र्यंबकेश्वरहून राहायला आली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. सोमवारच्या बिरड्यासाठी मावशींनी राख लावलेला डबा उतरवला आणि सगळे वाल धुऊन भिजत घातले. आमच्याकडे खायचे वालही राखेतच ठेवत, त्यामुळे ते बियाणं होतं हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं. पेरणी पुढच्या आठवड्यात होती.

मोड आले, सोलून झाले, सासूबाईंना डबा रिकामा दिसला, तेव्हा कुठे उलगडा झाला. मावशी रडवेल्या झाल्या. सासूबाईंनी सालांच्या ढिगात हात घातला आणि सावकाश चाचपडत राहिल्या. न भिजलेले, खड्यासारखे टणक दाणे, आपण ज्यांना गणंग म्हणतो ते, त्यांनी वाटीत वेचले. जेमतेम तळ झाकला. मग आम्हाला पानं घ्यायला सांगितली. वाढताना एवढंच म्हणाल्या, "पोटभर जेवा. हे बिरडं पुन्हा व्हायचं नाही."

आत पाणी शिरावं म्हणून ते गणंग त्यांनी फरशीवर घासून पेरले. वेल आले, जांभळी फुलं आली, शेंगा लोंबल्या. दाणे मात्र सगळे तांबडे निघाले.

मला ती वाटी अजून स्वप्नात दिसते. मोठ्या जत्रेतली माणसं एका अरुंद दारातून निघावीत आणि पलीकडे मोजकीच पोचावीत, तसं काहीसं. टणक दाणे टणकपणामुळे वाचले, हे खरं. पण पांढऱ्या रंगात काय खोट होती? काहीच नाही. त्या दिवशी वाटीत पांढरा गणंग नव्हता, म्हणून पुढच्या कुठल्याच वर्षी पांढरा दाणा आला नाही. सजीवांचं असंच होतं. एखाद्या संकटातून थोडेच उरले की पुढची सगळी पिढी त्या थोड्यांसारखी होते. पुढे वेल पुष्कळ वाढले तरी गेलेला रंग त्यांच्यात परत येत नाही.

आमच्या बिरड्यात तेव्हापासून गणंग फार. तुमच्या बाबांचा पहिला दुधाचा दात त्यातच पडला.

गेल्या हिवाळ्यात वेलांवर मावा पडला, रस शोषणारी ती बारीक कीड. पूर्वी मावा पडला की एखादा वेल जाई, शेजारचा तग धरी. आता सगळे एकाच घडणीचे. सगळे एकदमच माना टाकू लागले. सकाळी गोदावरीकडून धुकं येई आणि त्यात ते काळवंडलेले शेंडे बघत मी खुर्चीत बसून राही. सासूबाईंचा वाल माझ्या हातून संपणार, असं वाटे. डब्याच्या तळाशी जुने थोडे दाणे होते, तेवढेच.

नणंदेला फोन केला. तिच्याकडे ओटीतली ती मूठ अजून चालू होती. इगतपुरीच्या पावसात तिचेही पांढरे कुजून गेले होते, शेजारणींच्या वालाची सरमिसळही झाली होती. मी म्हटलं, मग तो आपला वाल कसा राहील? ती हसली.

"वहिनी, तुमच्या वेलाला माहेरच उरलं नाहीये. चार दिवस माझ्याकडचं माणूस येऊ दे त्याच्याकडे."

तिनं पुरचुंडी पाठवली. मी दोन दिवस ती तशीच ठेवली, मग दोन्ही बियाणं एकाच मांडवाखाली पेरलं. कोवळ्या उन्हात काळे भुंगे या फुलातून त्या फुलात घुमत होते. मी पेंगत होते, आणि कुणाचं काय कुठे मिसळतंय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. यंदाही मावा आला. काही वेल गेले, बरेच उभे राहिले.

आता डब्यात तांबडे दाणे पुष्कळ आहेत, ठिपक्यांचे आहेत, थोडे काळपट आहेत. पांढरा एकही नाही.