‘चार्ज’ची भावकी आणि दोन चौगले

भाग्यश्री मगदूम मॅडम राजारामपुरीत इंग्रजी बोलायला शिकवतात. पण त्यांच्या क्लासचा जिना चढणाऱ्याला वाटतं, वर ग्रामपंचायतीची सभा पेटलीय. कुणी रेड्यासारखं डुरकतंय, कुणी हवालदाराचा आवाज काढून “चल, गाडीत बस” म्हणतंय, आणि या सगळ्यावरून मॅडमचा खणखणीत आवाज, शेवटच्या शब्दावर पतंगासारखा वर चढणारा, “अगं मोना, सिस्टर हायस न्हवं तू? मग मुळूमुळू काय बोलतीस? अख्खा वॉर्ड तुझ्या ताब्यात हायऽ!”

मॅडमचं म्हणणं असं, की इंग्रजी शब्द कधी एकटा नसतो, त्याची भावकी असते. आडनाव एक, चुली वेगळ्या. कोण सख्खा, कोण लांबचा चुलत, हे कळलं की घोकायची गरज नाही. लग्नाच्या मांडवात पाहुणा ओळखावा तसा शब्द ओळखू येतो. म्हणून प्रत्येक पोरानं एकेक अर्थ व्हायचं, आणि जवळच्या अर्थांनी एका बाकावर बसायचं.

त्या दिवशी शब्द होता ‘चार्ज’.

“ह्याचा मूळपुरुष कोण? गाडीवर माल लादणं,” मॅडम म्हणाल्या. “आपली उसाची गाडी डोळ्यासमोर आणा. मोबाईलमध्ये वीज भरली, चार्ज. सिस्टरच्या डोक्यावर वॉर्ड टाकला, चार्ज. हॉटेलवाल्यानं बिलात लावला, चार्ज. पोलिसानं अंगाला गुन्हा चिकटवला, तोबी चार्ज. आणि रेडा सगळं वजन घेऊन अंगावर आला, तर?”

“पळायचं, मॅडम!”

“पळायचं, पण चार्जच म्हणत पळायचं. सगळीकडं ओझंच हाय. ते कुणाच्या पाठीवर पडलं, एवढं बघा.”

मग वाटणी झाली. आरोप आणि अंगावर जाणं हे दोन अर्थ मॅडमना अगदी शेजारचे वाटले. दोन्हीत समोर एक माणूस लागतो, आणि तो बिचारा मागं सरकतो. आरोप झाला कृष्णात चौगले. अंगावर जायला मिळाला विजयसिंह चौगले, चारच दिवसांपूर्वी आलेला. दोघं कागलजवळच्या एकाच गावचे. मॅडम खूश. “बसा रे एका बाकावर, घरचीच माणसं.”

कृष्णातनं दप्तर उचललं.

“मॅडम, मी ह्याच्याशेजारी बसणार न्हाय. आमचं बोलणं बंद हाय.”

विजयसिंहानं खिडकीकडं तोंड केलं. जन्मभर शब्दांची भावकी शिकवली, आणि खरी भावकी समोर बसली तेव्हा बांधावरून डोकी फुटतात, हेच त्या विसरल्या! कृष्णातची सोमवारी कागलच्या एमआयडीसीत मुलाखत होती. साहेब बाहेरचा, सगळं इंग्रजीतच चालणार. पोरगं फिटर म्हणून हुशार, पण इंग्रजीत तोंड उघडलं की थंडीतल्या जुन्या मोटारसायकलीसारखं व्हायचं, “आय... आय... आय...” आणि बंद. आत्ता तो जिना उतरला, तर सोमवारीही त्याची गाडी तिथंच बंद पडणार.

“मम्मी, अंथऊ!” आतल्या घरातून लेकीनं, आदितीनं जेवायला हाक मारली. मॅडमचं घर जैन. सूर्य मावळायच्या आत जेवण, मग सकाळपर्यंत पाणीही नाही. म्हणूनच संध्याकाळचा क्लास उजेडी सुटतो.

“थांब गं,” म्हणून मॅडम कृष्णातकडं वळल्या. “नेमकं काय बंद हाय?”

“माझ्या बानं, अण्णांनी जोतिबाची शपथ घातलीय. ह्याच्या घरातल्या कुणासंगं चकार शब्द बोलायचा न्हाय.”

“कुठल्या भाषेत घातली?”

“म्हंजे?”

“मराठीत घातली का इंग्रजीत?”

“मराठीतच की! अण्णांना इंग्रजी कुठलं येतंय?”

“मग मराठीत बोलू नको. इंग्रजीत बोल.”

वर्ग खदखदून हसला. कृष्णात मात्र हसला नाही. पोरगं सरळ. त्यानं खरंच विचार केला.

“आणि काय पाप लागलं तर?”

“माझ्या माथी. बोल.”

कृष्णात वळला. घशात ती ओळखीची घरघर झाली, “आय... आय...” आणि मग सगळं वरीसभर साठलेलं बाहेर पडलं. “युवर फादर चार्ज्ड माय फादर! लाइक अ बफेलो!”

“नो, नो!” विजयसिंह उसळला. “युवर फादर मूव्ड द स्टोन!”

“व्हिच स्टोन? धिस इज फॉल्स चार्ज!”

“‘अ’ फॉल्स चार्ज,” मॅडम ओरडल्या. “‘अ’ कुणी खाल्ला? भांडा, पण व्याकरण धरून भांडा!”

“देन हू इज इन चार्ज ऑफ द बांध?”

“द तलाठी!”

“द तलाठी इज युवर मामा!”

पोरं बाकं बडवायला लागली. मोनाच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. आदिती दारात येऊन उभी राहिली, बाहेर बघितलं, आणि आत जाऊन ताट झाकून ठेवलं. सूर्य गेला होता. मॅडमना ते दिसलं, पण त्यांनी क्लास थांबवला नाही. कृष्णात बोलत होता! वाक्यामागून वाक्य, कर्ता-क्रियापदासकट. त्या रात्री मॅडम उपाशी झोपल्या आणि म्हणे एकदम गाढ झोपल्या.

दुसऱ्या दिवसापासून विजयसिंह साहेब झाला. खुर्चीत रेलून, नाकातून बोलायचा. “टेल मी अबाउट युवरसेल्फ. अँड डोन्ट टेल लाइज लाइक युवर फादर.” कृष्णातच्या कानशिलं तापायची, आणि तापली की गाडी अशी सुटायची, की एकदा मॅडमनाच म्हणावं लागलं, “हळू, बाबा. नोकरी मागायला चाललाईस, ताबा घ्यायला न्हवं.”

सोमवारी संध्याकाळी कृष्णात मुलाखतीवरनं थेट क्लासवर आला. मॅडमना नमस्कार करायचंही विसरला. तडक विजयसिंहाच्या बाकापुढं जाऊन उभा राहिला.

“दे टुक मी.”

विजयसिंह उठला. आजवर एवढा मोठा आवाज काढणारा गडी, आता त्याच्याच घशात घरघर. “कंग्रॅच्युलेशन्स... ब्रदर.”

मॅडमनी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

पुढचं कृष्णातनंच दुसऱ्या दिवशी सांगितलं, अण्णांचा आवाज काढून. दोघं एकाच एसटीनं गावात उतरले, इंग्रजीत बोलत. अण्णा पारावरच बसलेले.

“काय बोलालाईस रं त्याच्यासंगं?”

“इंग्रजी, अण्णा.”

अण्णांनी मिशीवरनं हात फिरवला. मग दुसरीकडंच बघत म्हणाले, “त्याच्या बाचं गुडघं लई दुखत्यात म्हणं. आता कसं हाय, इचार त्याला. पर इंग्रजीतच इचार.”