कडी नसलेलं दार

आमच्या शाळेत बायका पाणी पीत नसत. असं सांगितलं की समोरचा हसतो, त्याला वाटतं मी थट्टा करतेय. चौलजवळची आमची माध्यमिक शाळा, भोवती सुपारीच्या वाड्या, आणि विहिरीचं पाणी असं गोड की अलिबागहून आलेले पाहुणे बाटल्या भरून नेतात. आम्ही शिक्षिका मात्र सकाळी अर्धा कप चहा घेऊन निघायचो, ते संध्याकाळी घरी आल्यावरच पाण्याचा पेला तोंडाला लावायचो.

कारण साधं होतं. शिक्षिका आणि मुली मिळून स्वच्छतागृह एकच, तेही मैदानापलीकडे, आणि दाराला आतून कडी नाही. पूर्वी होती म्हणे, खाऱ्या वाऱ्यात गंजून पडली. जायचं तर बाहेरून दार धरायला कुणीतरी सोबत हवं. दोघींचा मोकळा तास वेळापत्रकात कधी जुळायचा नाही आणि मधल्या सुट्टीत मैदानावर मुलांचं क्रिकेट. त्यापेक्षा पाणीच न पिणं बरं. आमच्यात सगळ्यात ज्येष्ठ त्या गणिताच्या बाई. नव्या शिक्षिकेला त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "सवय होते हो. सुरुवातीला जड जातं." हे त्या अभिमानाने सांगायच्या आणि आम्ही कौतुकाने ऐकायचो. निर्जळी उपवास करणाऱ्या बायकांत अशा गोष्टीचं कौतुक असतंच.

त्यात मी विज्ञान शिकवते. मूत्रपिंडाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढते, भरपूर पाणी प्या म्हणून पोरांच्या कानीकपाळी ओरडते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

गेल्या हिवाळ्यात मला थंडी वाजून ताप आला. कंबरेच्या वर एका बाजूला अशी कळ यायची की वह्यांचा गठ्ठा उचलवेना. अलिबागच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिले आणि सरळ सांगितलं, "संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. आधीचे त्रास तुम्ही अंगावर काढलेत. पुन्हा झालं तर हे मूत्रपिंड कायमचं अधू होईल. भरपूर पाणी प्यायचं आणि लागली की जायचं. धरून ठेवायचं नाही."

"शाळेत जमत नाही," मी म्हटलं.

"मग शाळा सोडा."

मला त्यांचा भयंकर राग आला. परतीच्या एसटीत रेवदंड्याच्या फाट्यापर्यंत तो राग त्यांच्यावरून उठून आमच्या शाळेवर जाऊन बसला. मी का शाळा सोडू? दाराला एक कडी लावता येत नाही म्हणून?

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही, पण कुठलीही गोष्ट उद्यावर टाकण्यात त्यांचा हातखंडा. मी कडी स्वतः आणून देते म्हटलं, तर म्हणाले, "चौकटच कुजलीय बाई. दार बदलावं लागेल. संस्थेच्या सभेत विषय ठेवू."

"सभा कधी?"

"बघू."

बघूच म्हटलं मीही. दुसऱ्या दिवशी भलीमोठी बाटली घेऊन शाळेत गेले आणि वर्गात सगळ्यांसमोर पाणी प्यायले. नववीच्या तासाला मध्येच मुख्याध्यापकांच्या दारात जाऊन उभी राहिले. "सर, मला जायचंय. डॉक्टरांनी थांबायचं नाही म्हणून सांगितलंय. मराठीच्या बाई दार धरतील, त्यांच्या वर्गावर खेळाचे सर बसलेत. नववीवर तेवढं तुम्ही चला."

ते उठले. त्यांना वाटलं एक दिवसाचं असेल. मी रोज जायला लागले. आमची नववी म्हणजे मासळीचा लिलाव. सरांचा विषय इतिहास, आणि कार्टी त्यांना हृदयाचे कप्पे विचारायची. एकदा ते अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "बाई, जरा कमी पाणी प्या ना."

"डॉक्टरांना फोन लावून देते," मी म्हटलं, "त्यांना सांगा."

गणिताच्या बाई माझ्यावर चिडल्या. "अख्ख्या शाळेला कळतं तू कुठे चाललीस ते. काही लाजलज्जा?" लाज मलाही वाटत होती. मैदान ओलांडताना कान तापायचे, मुलं खेळ थांबवून बघायची. पण लाजून मूत्रपिंड बरं होत नाही. मी मान वर करून चालत राहिले.

शेवटी सभा लागलीच नाही, सुतार आला. नवी चौकट, नवं दार आणि आतून जाडजूड कडी. त्या सकाळी मी बाटली अर्धी संपवली आणि मधल्या सुट्टीत ऐटीत एकटीच निघाले.

दारापासून विहिरीपर्यंत मुलींची रांग होती. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या. मला पाहून त्या बाजूला सरकल्या, "बाई, तुम्ही जावा." डॉक्टरांचं ऐकायचं म्हणून मी गेलेही. बाहेर आले तेव्हा कोळीवाड्यातली दहावीची एक मुलगी पुढे उभी होती. तिला विचारलं, "इतके दिवस कुठे जायचीस गं?"

"कुठं न्हाय. घरी गेल्यावरच. आमी शालेत पानीच पीत न्हाय, बाई."

गणिताच्या बाईंचाच सूर. पंधरा वर्षांची पोर, आणि सवय झालेली. आम्ही शिक्षिका इतकी वर्षं फक्त आमचीच अडचण बघत बसलो होतो.

तेवढ्यात व्हरांड्यात शिपाईमामांनी घंटेचा हातोडा हातात घेतला. रांग अजून विहिरीपर्यंतच होती. मी जवळजवळ धावत गेले.

"मामा, ती रांग संपेपर्यंत घंटा द्यायची नाही."

"आनि सायबांनी इचारलं तं?"

"माझं नाव सांगा."