हार्ड डिस्क कुणी पाडली

महिपतींची सगळी नोकरी महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषधांच्या कारखान्यात गेली. शेवटची काही वर्षं ते पाळीचे प्रमुख होते. एखाद्या कामगाराच्या हातून पिंप कलंडलं किंवा नळी फुटली तर ते आवाज चढवत नसत. पण झालेलं लपवणाऱ्याला मात्र त्यांनी कधी माफ केलं नाही. निवृत्त होऊन ते पोलादपूरच्या घरी बसले, तरी बाजारात भेटलेले जुने कामगार त्यांच्याशी अदबीने हाताची घडी घालूनच बोलत.

त्यांची बायको अनुपमा हायस्कुलात मराठी शिकवायची. सुट्टीच्या दिवशी ती डोंगरातल्या वाड्यांवर जायची आणि म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून आणायची. कुठल्या झऱ्याला काय म्हणतात, बाळंतिणीला काय खायला घालतात, नाचणीची राखण कशी करतात, असलं सगळं. हे सारं एका छोट्या हार्ड डिस्कमध्ये साठवलेलं होतं. महिपती कधी कधी हसून म्हणायचे, "हे जमवून तू करणार काय?" अनुपमा वहीत नावं आणि तारखा लिहीत राहायची.

घरी भांडी-केर करायला ठमाबाई येत. मूळच्या डोंगरातल्या कुडपणच्या. नवरा चांगू वारल्यावर त्या पोलादपुरात भाचीकडे राहायला आल्या होत्या. चांगू जायच्या आधी अनुपमाने त्याचंही बोलणं रेकॉर्ड केलं होतं. रानडुकरं हाकलायला रात्री शेतातल्या उंच माळ्यावर बसून आपण काय करतो, हे तो त्यात सांगत होता, आणि शेवटी त्याने आरोळीही देऊन दाखवली होती. काम आटोपलं की ठमाबाई पदराला हात पुसत दारात उभ्या राहायच्या. "बाई, जरा ह्यांचं लावा ना." अनुपमा लावायची. ठमाबाई भिंतीला टेकून बसून ऐकायच्या आणि आरोळी झाली की उठून जायच्या.

एके दिवशी अनुपमा शाळेत असताना महिपतींनी पंखा पुसायला शिडी काढली. शिडीला जागा करायला टेबल ओढलं. टेबलावर लॅपटॉप होता, त्याला ही डिस्क लावलेली होती; सकाळच्या घाईत अनुपमा ती काढायला विसरली होती. वायर टेबलाच्या पायात अडकली आणि डिस्क लादीवर आपटली.

महिपतींनी ती उचलून पुन्हा लावली. आतून टक-टक असा आवाज आला आणि थांबला. लॅपटॉपवर काही दिसेना. त्यांनी ती काढून तिच्या पाकिटात घातली आणि नेहमीच्या जागी, कपाटात ठेवून दिली. अनुपमा आल्यावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. ती आली, चहा झाला, आणि त्यांना आपलंच ते हसणं आठवलं. हे जमवून तू करणार काय? आता सांगितलं तर तिला वाटेल, यांना माझ्या कामाची किंमतच नव्हती म्हणून निष्काळजीपणा केला. उद्या सांगू, असं म्हणत त्यांनी तो दिवस ढकलला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर त्यांनी डिस्क पुन्हा लावून पाहिली. तिसऱ्या दिवशीही. कधी वायर बदलून, कधी डिस्क उलटी धरून. एकदा चालू झाली तर सांगायची वेळच येणार नाही, ही एकच आशा होती. आवाज मात्र दर वेळी जास्त खरखरीत होत गेला.

रविवारी अनुपमाने कपाटातून डिस्क काढली, लावली, आणि तो आवाज ऐकून ताबडतोब काढून घेतली. तिने आधी स्वतःलाच दोष दिला. मग ती उजेडात नेऊन नीट पाहिलं तर एक कोपरा चेपलेला दिसला. तेवढ्यात ठमाबाई आल्या.

"ठमाबाई, टेबल पुसताना हे खाली पडलं का?"

"नाय बाई."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

"म्या त्याला हातच नाय लावत. त्याच्यात हे हायत ना."

महिपती खुर्चीत पेपर धरून बसले होते. बोलायची वेळ आत्ताच आहे, हे त्यांना कळत होतं. पेपर खाली ठेवायचा आणि दोन शब्द बोलायचे. त्यांनी पान उलटलं.

"टेबल तर तुम्हीच पुसता," अनुपमा हळूच म्हणाली. ठमाबाईंनी भांडी घासली, पालथी घातली आणि गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. आत्या कुडपणला राहायला गेली, असं भाचीने सांगितलं.

महाडच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदाराने डिस्क कानाशी धरून नुसतीच हलवली आणि बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्या पुण्यातल्या प्रयोगशाळेचा पत्ता दिला. तिथे दीप्ती नावाची मुलगी हे काम करायची. धूळ नसलेल्या बंद खोलीत डिस्क उघडून, दुसऱ्या तशाच डिस्कचे भाग बसवून तिने निघेल तेवढं काढलं आणि दोघांना बोलावून घेतलं.

"निम्म्याहून कमी निघालं," ती म्हणाली. मग तिने आतल्या चकतीचा फोटो पडद्यावर मोठा करून दाखवला. आरशासारख्या चकतीवर गोल-गोल चरे उमटले होते. "पडल्यावर आतला, चकती वाचणारा काटा वाकला. तेवढ्याने फार बिघडलं नसतं. पण त्यानंतर ही पुन्हा पुन्हा चालू केलीय. दर वेळी त्या काट्याने चकती खरवडली. पडल्या पडल्या आणली असती तर बहुतेक सगळं निघालं असतं."

"मी तर एकदाच लावली," अनुपमा म्हणाली. पुढे ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ठमाबाईंना तर लॅपटॉप उघडतासुद्धा येत नाही."

मग तिने मान वळवून महिपतींकडे पाहिलं. दीप्ती पडद्याकडे बघत राहिली.

"मी लावली," महिपती म्हणाले. "पाडलीही मीच."

परतीच्या एसटीत अनुपमा खिडकीशी बसली. घाट संपला. मग म्हणाली, "पडली असं सांगितलं असतंत, तर मी काय केलं असतं हो?"

तिने काहीही केलं नसतं, हे महिपतींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"कुडपणला तुम्ही एकटे जा," ती म्हणाली. "माझी माफी मी वेगळी मागेन."

चांगूचं रेकॉर्डिंग अर्धवट निघालं होतं. ते मोबाईलमध्ये घेऊन महिपती स्कूटरवर कुडपणला गेले. ठमाबाई अंगणात नाचणी पाखडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, घोंगडी अंथरली आणि पाणी आणून दिलं. महिपतींनी पेला तसाच खाली ठेवला. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"मला ठावं होतं," ठमाबाई म्हणाल्या. "शिडी तुमीच काढलीवती, टेबलबी सरकलेलं. पंख्याची धूळ खाली पडलेली, ती म्याच झाडली."

"मग बाईंना सांगितलं का नाही?"

"तुमच्याच घरात तुमचं नाव कसं घेऊ, दादा?"

महिपती खाली बघत उभे राहिले. कारखान्यात त्यांच्यापुढे असेच मान खाली घालून उभे राहिलेले काही चेहरे त्यांना आठवले. त्यातल्या एकालाही त्यांनी कधी बसायला सांगितलं नव्हतं.

त्यांनी मोबाईल लावला. चांगू बोलू लागला. माळा कसा बांधायचा, अंधारात डुकराची चाहूल कशी लागते. मग नुसती खरखर.

"आरोळी?" ठमाबाईंनी विचारलं.

"ती नाही निघाली."

ठमाबाईंनी उठून सूप पुन्हा हातात घेतलं. "बाईंना सांगा, त्यांच्यावर माझा राग नाय. पर मी आता कामाला येणार नाय." महिपतींबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

पुढच्या सुट्टीत अनुपमा एकटी कुडपणला जाऊन माफी मागून आली.

आता ती जिवंत असलेल्या माणसांचं बोलणं पुन्हा रेकॉर्ड करते आहे. स्कूटर महिपती चालवतात. घराघरांत तोच प्रश्न येतो. "बाई, ह्ये तर मागं सांगितलंवतं. त्याचं काय झालं?"

अनुपमा रेकॉर्डिंगचं मशीन नीट लावत राहते.

"ते माझ्या हातून गेलं," महिपती म्हणतात. "लपवलं म्हणून गेलं."

काही घरांत लोक हसून सोडून देतात. काही घरांत मात्र ज्याचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, तो माणूसच आता नसतो. तिथे कुणी काही विचारत नाही. तिथे महिपती न विचारताच सांगतात आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचं बोलणं अनुपमा रेकॉर्ड करेपर्यंत बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभे राहतात.