विहिरीत सोडलेली पुरचुंडी

ती घटना आठवली की आजही पाण्याचा ग्लास तोंडाला लावण्याआधी मी क्षणभर वास घेतो. बायको हसते. हसू दे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सुरतजवळ कडोदऱ्याच्या बाजूला फौजदार होतो. भोवती उसाची सुपीक जमीन आणि तिच्या कडेकडेने वाढत चाललेल्या कापडाच्या मिल्स. एका दुपारी चाळीस-पन्नास माणसं एकाला धरून चौकीत आली. तो मिलमधला खानदेशी कामगार होता. शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला. पुढे एक वयस्कर शेतकरी होता. त्याच्याच शेतातल्या खोलीत हा कामगार बायको-मुलीसह भाड्याने राहत होता.

"साहेब, आणे कूवामां झेर नाख्युं छे," शेतकरी ओरडला. याने विहिरीत विष टाकलंय म्हणे. त्याच्या दोन म्हशी त्या आठवड्यात मेल्या होत्या, वस्तीतल्या पोरांना उलट्या होत होत्या. त्याच्या शेतातल्या विहिरीचं पाणी तांबूस झालं होतं. त्यातच एका मजुराने खबर दिली, की हा माणूस विहिरीत पांढरं काहीतरी सोडताना दिसला.

फिर्याद, साक्षीदार आणि आरोपी तिन्ही एकाच वेळी दारात. असं आयतं प्रकरण आलं की पोलिसाची अक्कल थोडी झोपते. माझीही झोपली. "कसलं विष होतं?" म्हणत मी त्याच्या कानाखाली एक दिली. हवालदारानेही तासभर तेच विचारलं. तो गप्प. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आम्हाला तेव्हा कळायचं होतं.

मग पंच घेऊन विहिरीवर पंचनाम्याला गेलो. वाकून पाहिलं तेव्हा काठावरच्या खुंटीला बांधलेली दोरी दिसली. ओढली, तर साडीच्या कापडाची पुरचुंडी वर आली. आत झिजलेली तुरटी.

मी तिथेच बसलो. विष टाकणारा टाकून पळतो. दोरी बांधतो तो पुन्हा येणार असतो.

चौकीत परत आलो, सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्याच्यासमोर चहा ठेवला. माझं मूळ नंदुरबारकडचं. घरात आईशी बोलायचो तीच बोली तोंडात आली. "दोरी कसाले बांधी रे भाऊ?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "नवा खडा बांधाले, साहेब. आमना गावमा गढूय पानीले तुरटीच लावतस."

"पन हाई पानी गढूय शे का?"

त्याने चहा बाजूला सारला. मग त्याचा बांध फुटला. "नही साहेब. हाई रंगनं पानी शे. मिलनं पानी जुना बोरमा सोडतस. कॉक मीच खोलस."

रंगाईचं सांडपाणी मिलमागच्या एका कोरड्या बोअरमध्ये सोडलं जात होतं, आणि पाइपची चावी उघडायचं काम त्याचंच होतं. विहीर नासली ती कशाने, हे त्या वस्तीत फक्त त्यालाच ठाऊक होतं. तुरटीने गाळ बसतो, रंग आणि रसायन नाही, हेही बहुधा ठाऊक असावं. पण त्याची मुलगी तेच पाणी पीत होती, आणि त्याच्या गावाकडे पाणी बिघडलं की एवढंच करतात. बोलावं तर मिल बंद, आणि मिलमध्ये त्याचे दोन भाऊ, साडू, अर्धं गाव. म्हणून मार खाऊनही तो गप्प होता. मला माझ्या हाताची लाज वाटली.

मिलच्या मागे पत्र्याखाली पाइप सापडला. दोन्हीकडच्या पाण्याचे नमुने लाखेने सीलबंद केले. भूजल खात्याच्या अधिकाऱ्यांनी जमिनीचा उतार दाखवला: वर मिल, मध्ये विहीर, खाली खाडी. "खालचं पाणीही उताराने सरकतं," ते म्हणाले, "फक्त मुंगीच्या पावलांनी. पुढच्या विहिरींनाही हे गाठणार."

मिलच्या मॅनेजरकडे उत्तर तयार होतं: कामगाराने मनाने सोडलं असेल, आम्हाला काय माहीत? आणि मिल वाचावी म्हणून हा भला माणूस स्वतःच म्हणत होता, "लिखा साहेब, कॉक मीच खोला." वरून फोन आला, कबुली आहे तर त्यालाच आरोपी करा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. माझं पेन अडलं.

तेवढ्यात चौकीत बसलेला तो शेतकरी पुढे आला. त्या दुपारी त्यानेच याचा ओठ फोडला होता.

"जेणे पाइप नाखी एने पकडो, साहेब. आणे तो मारा कूवानी दवा करी छे."

ज्याने पाइप टाकला त्याला धरा, याने तर माझ्या विहिरीला औषध दिलं! त्याने तसा जबाबही लिहून दिला. मी कामगाराला साक्षीदार केलं, आरोपींत मॅनेजरचं नाव घातलं आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. बोअर बुजवला गेला. कामगाराची नोकरी गेलीच. शेतकऱ्याने त्याला ऊसतोडीला ठेवून घेतलं.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. कुणावर हात उचलण्याआधी, हा माणूस काय वाचवायला बघत होता, हे मी विचारू लागलो. चोरीचा माल मी पुष्कळांना परत मिळवून दिला. पण नासलेलं पाणी परत देता आलं नाही: माझी बदली झाली तेव्हाही त्या विहिरीवर फळ्या ठोकलेल्या होत्या, आणि कामगाराची बायको डोक्यावर हंडा घेऊन कालव्याकडून येत होती. तिला मी ओळख दिली नाही. द्यायला तोंड नव्हतं.